पाखरामागचे रान

रायबंदरच्या धक्क्यावरून फेरीबोटीने मांडवी ओलांडली की चोडण बेट लागते. या बेटाच्या पश्चिम टोकास खारफुटीचे एक दाट रान आहे. सलीम अली यांचे नाव धारण करणारे गोव्याचे पक्षी अभयारण्य ते हेच. त्याचा विस्तार अवघा १.७८ चौरस किलोमीटर. परंतु भरती-ओहोटीच्या पाण्याने नित्य धुतल्या जाणाऱ्या त्या चिखलात आणि त्या गुंतागुंतीच्या फांद्यांत पाखरांची जी वर्दळ असते ती पाहावयास दूरदूरचे लोक येतात.

समजा, हिवाळ्यातील एका सकाळी एक हौशी छायाचित्रकार होडीत बसून या रानात शिरला आहे. व्यवसायाने तो कारकून असेल, औषधांचा दुकानदार असेल, नाही तर पोस्टातील नोकर असेल. रविवारची सुटी आणि हप्त्याने घेतलेला एक कॅमेरा एवढेच त्याचे भांडवल. तास-दीड तास निघून जातो. आणि मग पाण्यावर वाकलेल्या एका फांदीवर त्यास काळ्या डोक्याचा खंड्या दिसतो. माथा कोळशासारखा काळा, गळ्याभोवती शुभ्र पट्टी, पाठ जांभळट निळी, पोट विटकरी आणि चोच पोवळ्यासारखी लाल. मान किंचित खाली झुकवून तो निश्चल बसलेला असतो. नावाडी वल्हे थांबवितो, हौशी गृहस्थ श्वास रोखून कळ दाबतो, आणि दुसऱ्याच क्षणी फांदी रिकामी होते.

घरी आल्यावर तो ते चित्र संगणकाच्या पडद्यावर उघडतो आणि त्याचा विरस होतो. खंड्या आहे, स्पष्ट आहे. परंतु त्याच्या मागे फांद्यांचे जाळे आहे, पानांवर सांडलेले उन्हाचे पांढरे कवडसे आहेत, भरतीने आणून मुळांत अडकविलेली प्लास्टिकची एक पिशवी आहे. शिवाय एक वाळकी काटकी तर नेमकी पाखराच्या डोक्यातून शिंग फुटावे तशी वर आलेली आहे. सकाळी तेथे फक्त खंड्या होता. मग हा सारा पसारा आला कोठून?

पसारा तेथे होताच. तो डोळ्यांस दिसला नाही, कारण मनुष्य केवळ डोळ्यांनी पाहत नाही, मनानेही पाहतो. ज्याची ओढ असते तेवढेच मन टिपते आणि बाकीचे बाजूस सारते. गजबजलेल्या बाजारात आईस आपल्याच मुलाची हाक ऐकू येते, तसेच हे आहे. कॅमेऱ्यास मात्र आवडनिवड नाही. त्याच्यापुढे खंड्या आणि पिशवी यांचा दर्जा एकच. भिंग मोठ्या छिद्राचे व लांब पल्ल्याचे असले, पाखरू जवळ आणि मागची झाडे दूर असली, तर मागचे सारे धुक्यासारखे विरघळून जाते. परंतु भिंग लहान आणि झाडे पाखरास चिकटून असली, म्हणजे पानन्‌पान आपली हजेरी लावते. खारफुटीत बहुधा हेच होते. तेव्हा त्या गृहस्थाच्या मनात विचार येतो की, हा पसारा पुसून टाकून खंड्यास एखादी स्वच्छ, शांत पार्श्वभूमी का देऊ नये?

हा विचार वाटतो तितका नवा नाही. छायाचित्रणाची कला अगदी बाल्यावस्थेत असतानाच तो लोकांस सुचला होता. त्या काळच्या काचेवरील रासायनिक लेपास निळ्या प्रकाशाची संवेदना फार. त्यामुळे समुद्राचे चित्र नीट उमटेपर्यंत आकाश जळून पांढरेफटक होई. फ्रान्समधील ग्युस्ताव्ह ल ग्रे याने १८५६-५७ च्या सुमारास यावर तोड काढली. समुद्राची काच निराळी आणि ढगांची काच निराळी घेऊन, कागदावर छापताना एक भाग झाकून दुसरा उमटवावयाचा, अशी त्याची युक्ती होती. १८५७ साली इंग्लंडमध्ये ऑस्कर रेलँडर याने तीसहून अधिक काचा जुळवून एक भव्य चित्र प्रदर्शनात मांडले, आणि पुढच्याच वर्षी हेन्री पीच रॉबिन्सन याने पाच काचांतून मृत्युशय्येवरील एका मुलीचे चित्र तयार केले. ते पाहून लोकांचे डोळे पाणावले. आणि असे दृश्य मुळात घडलेच नव्हते हे कळल्यावर पुष्कळांस राग आला. जोडकाम करावे की करू नये हा वाद त्या दिवसापासून चालत आला आहे.

छापखान्यांतही हेच चाले. जस्ताचा ठसा करण्यापूर्वी कारागीर काचेवरील चित्राची पार्श्वभूमी गडद रंगाने भरून टाकीत. बारीक कुंचल्याने माणसाच्या किंवा यंत्राच्या कडेकडेने रंग लावीत गेले, की छापून आलेल्या चित्रात तेवढीच वस्तू कोऱ्या कागदावर उभी राही. कडेचे एक रेषाभर चुकले, तर पुढाऱ्याचा कान कापला जाई. आजच्या संगणकावरील ‘मास्क’ हा या कुंचल्याचाच वंशज होय.

हा वंशज जन्मास कसा आला तेही पाहण्यासारखे आहे. १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्क येथे एड कॅटमल आणि आल्व्ही रे स्मिथ या दोघा संशोधकांनी संगणकीय चित्राच्या प्रत्येक बिंदूस लाल, हिरवा व निळा या तीन आकड्यांबरोबर आणखी एक चौथा आकडा जोडला. रंगाशी या आकड्याचा संबंध नाही. तो बिंदू किती अपारदर्शक आहे एवढेच तो सांगतो. त्यास ‘आल्फा’ म्हणतात. १९८४ साली थॉमस पोर्टर व टॉम डफ यांनी असे दोन थर एकावर एक ठेवण्याचे गणित पद्धतशीर मांडले. १९८७ मध्ये मिशिगन विद्यापीठात संशोधन करीत असताना थॉमस नोल याने आपल्या संगणकासाठी चित्रे दाखविणारी एक लहानशी आज्ञावली लिहिली. त्याचा भाऊ जॉन हा चित्रपटांच्या करामती करणाऱ्या संस्थेत काम करी, त्याने तिचा उपयोग ओळखला. फेब्रुवारी १९९० मध्ये तीच ‘फोटोशॉप’ या नावाने बाजारात आली. एकावर एक थर ठेवण्याची सोय तीत १९९४ साली झाली. ज्यांस पैसे देऊन आज्ञावली घेणे परवडत नाही त्यांच्यासाठी ‘गिम्प’ नावाची विनामूल्य आज्ञावली १९९६ पासून उपलब्ध आहे, आणि आपल्या हौशी गृहस्थास तेवढी पुरेशी आहे.

मास्क म्हणजे काय हे समजण्यास एक घरगुती दृष्टान्त पुरे. सणाच्या दिवशी उंबऱ्यावर रांगोळीचा छाप ठेवतात. पत्र्यास जेथे भोके असतात तेथून रांगोळी खाली उतरते, जेथे पत्रा असतो तेथे अडते. मास्क हा असाच छाप आहे. फरक एवढाच की, त्यात भोक आणि पत्रा यांच्या मधल्याही पायऱ्या असतात. पांढरे म्हणजे पूर्ण उघडे, काळे म्हणजे पूर्ण झाकलेले, आणि मधला करडा रंग म्हणजे अर्धवट उघडे. सामान्यतः अशा २५६ पायऱ्या असतात, शून्यापासून २५५ पर्यंत. पाखरू पांढऱ्याने रंगविले आणि बाकीचे काळ्याने, की वरच्या थरात पाखरू तेवढे राहते व खालच्या थरातील नवी पार्श्वभूमी दिसू लागते. मूळ चित्राचा एक कणही यात खोडला जात नाही; तो केवळ झाकला जातो. रबराने पुसणे आणि पडदा ओढणे यांत जो भेद आहे तोच येथे आहे. पडदा केव्हाही सारता येतो.

आता पाखराच्या आकाराचा हा छाप कापावयाचा कसा? सर्वांत सोपा मार्ग म्हणजे आज्ञावलीसच पाखरू ओळखावयास सांगणे. अलीकडील आज्ञावल्या असंख्य चित्रांवरून शिकलेल्या असल्यामुळे त्या एका आज्ञेसरशी पाखरू वेगळे काढून देतात. परंतु त्यांचे काम घाईचे असते. बारीक नख्या त्या गिळून टाकतात, चोचीचे टोक बोथट करतात आणि दोन पिसांमधील फटीतून दिसणारे पान पाखरासच चिकटवून देतात. दुसरा मार्ग जुना व सुज्ञपणाचा आहे. चित्र मुळात लाल, हिरव्या व निळ्या अशा तीन पट्ट्यांचे बनलेले असते आणि प्रत्येक पट्टी काळ्या-पांढऱ्या चित्रासारखी स्वतंत्रपणे पाहता येते. खंड्याची जांभळट निळी पाठ निळ्या पट्टीत उजळ दिसते आणि हिरवी पाने तेथे अंधारी दिसतात. म्हणजे पाठीचा छाप जवळजवळ आयताच मिळतो. विटकरी पोट निळ्या पट्टीत पानांइतकेच काळवंडते, पण लाल पट्टीत ते उठून येते. दोन्ही पट्ट्यांतून अर्धा अर्धा छाप घ्यावा, उजेड-अंधार तीव्र करावा आणि दोन्ही एकत्र जोडावे. राहता राहिले काळे डोके. ते कोणत्याच पट्टीत सुटे होत नाही; तेथे हाती कुंचला घेण्यावाचून गत्यंतर नाही. यंत्राने कितीही प्रगती केली तरी काळ्यातून काळे निवडण्याचे काम अखेर माणसाच्याच डोळ्याकडे येते.

कड हा या कलेचा खरा कस. पाखराची कड ही सुरीने कापलेल्या पत्र्याची कड नव्हे. चोच आणि डोळा यांच्या भोवती ती धारदार असते. पोटाशी पिसांमुळे ती मऊ होते. शेपूट भिंगापासून थोडी मागे असल्यास ती आणखी पुसट असते. आणि पंख हलत असेल तर त्याच्या टोकास कड अशी नसतेच, एक निमुळती सावली असते. छापाची कड सर्वत्र सारखीच ठेवली की पाखरू कात्रीने कापून चिकटवल्यासारखे दिसते. म्हणून जेथे चित्र धारदार तेथे छाप धारदार, आणि जेथे चित्र मऊ तेथे छापही मऊ, हा नियम पाळावा लागतो.

याहूनही अवघड गोष्ट म्हणजे परिसराने पाखरास दिलेला रंग. पानांतून गाळून आलेला हिरवा उजेड पाखराच्या पोटावर आणि पिसांच्या कडांवर सांडलेला असतो. हिरवे रान काढून मागे निळे आकाश लावले तरी ती हिरवी झाक जात नाही. शिवाय उन्हाची दिशा आहे. पाखरावर ऊन उजवीकडून आणि मागच्या डोंगरावर डावीकडून, असे सृष्टीत होत नाही. पाखराच्या डोळ्यातील चकाकीही साक्षीदारच असते. तो गोल डोळा म्हणजे एक चिमुकला आरसा असून त्यात वरचे आकाश आणि समोरचे पाणी उमटलेले असते. मागचा सारा देखावा बदलला तरी डोळ्यातील हा देखावा जुनाच राहतो.

म्हणून जाणते लोक परक्या ठिकाणची पार्श्वभूमी आणण्यापेक्षा त्याच रानास धूसर करणे पसंत करतात. येथेही एक खुबी आहे. संपूर्ण मागचा थर सरसकट पुसट केला, तर पाखराचे रंगही त्यात पसरतात आणि त्याच्याभोवती निळसर तांबूस वलय उमटते. यासाठी प्रथम खालच्या थरात पाखराची जागा शेजारच्या पानांच्या रंगाने भरून काढावयाची, म्हणजे जणू पाखरू तेथे नव्हतेच, आणि मग तो थर पुसट करावयाचा. ज्या फांदीवर पाखरू बसले आहे ती त्याच्याइतकीच स्पष्ट ठेवावयाची. तीपासून जसजसे मागे जावे तसतसा धूसरपणा वाढवीत न्यावयाचा. पुसट केलेल्या भागातील सूक्ष्म कणही नाहीसे होतात, म्हणून अखेरीस तेवढे कण पुन्हा मिसळावयाचे. एवढे सारे केल्यावर चित्र असे दिसते की, त्या सकाळी खिशात जास्त पैसे असते तर मोठ्या भिंगाने तेच टिपले असते.

येथवर हा प्रश्न हातोटीचा होता. यापुढे तो निराळा होतो.

समजा, आपल्या गृहस्थाची भूक एवढ्यावर भागली नाही. त्याच्यापाशी दुसऱ्या एका सहलीत घेतलेले एक चित्र आहे: गोड्या पाण्याचे तळे, सोनेरी लव्हाळे आणि मागे पहाटेचे धुके. त्याने खंड्यास चोडणच्या फांदीवरून उचलले आणि त्या लव्हाळ्यावर बसविले. काम इतके सफाईदार झाले की, मित्रांनी तोंडभरून स्तुती केली. एकाने विचारले, “हा कोठे दिसला?” आणि गृहस्थ क्षणभर थांबला.

तो का थांबला हे समजण्यासाठी खानदेशातील एका घुबडाची हकिकत सांगितली पाहिजे. रानपिंगळा हा आपल्या घराजवळच्या पिंगळ्याचा दुर्मिळ भाऊबंद. १८७३ साली ॲलन ह्यूम याने त्याचे प्रथम शास्त्रीय वर्णन केले. पुढील काही वर्षांत त्याचे मोजके नमुने गोळा झाले. त्यांतील काही जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याने खानदेशात मिळविले होते. १८८४ नंतर मात्र हा पक्षी जणू पृथ्वीच्या पाठीवरून नाहीसा झाला. एकच अपवाद सांगितला जाई. रिचर्ड माइनर्टझागेन नावाच्या एका प्रख्यात इंग्रज कर्नलच्या संग्रहात रानपिंगळ्याचा एक नमुना होता आणि त्याच्या पायास बांधलेल्या चिठ्ठीवर १९१४ साल व गुजरातेतील तापीकाठच्या मांडवीचे नाव होते. साहजिकच पक्षिशास्त्रज्ञांनी तेथेही शोध केला. तेथे त्यांस काही मिळाले नाही.

मिळणार कोठून? पुढे पामेला रासमुसेन या अमेरिकन संशोधिकेने संग्रहालयांतील नमुने बारकाईने तपासले तेव्हा असे दिसून आले की, कर्नलसाहेबांचा नमुना हा वस्तुतः डेव्हिडसनचाच होता. तो संग्रहालयातून लांबवून, उसवून, पुन्हा शिवून त्यास नवी चिठ्ठी लावण्यात आली होती. पक्षी भरण्याच्या जुन्या पद्धतीच्या खुणा आत शिल्लक राहिल्या आणि त्यांनीच वाचा फोडली. ती खोटी चिठ्ठी बाजूस ठेवून, खऱ्या चिठ्ठ्यांवरील गावांच्या आधारे रासमुसेन आणि त्यांचे सहकारी शोधास निघाले. आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये, तेव्हाच्या धुळे व आजच्या नंदुरबार जिल्ह्यातील शहाद्याजवळच्या रानात, एका झाडावर रानपिंगळा उन्हात बसलेला त्यांस दिसला. ११३ वर्षांनी! पुढे तो मेळघाटातही आढळला.

या हकिकतीत पक्षी खरा होता. पिसे खरी, चोच खरी, नखे खरी. खोटी होती ती केवळ एक चिठ्ठी, म्हणजे पाखरामागचे रान. परंतु तेवढ्याने माणसे चुकीच्या रानात भटकली. ज्या पक्ष्याचे घर वाचवावयाचे त्याचे घरच ठाऊक नसेल तर वाचवावे काय? कर्नलसाहेबांनी सुईदोऱ्याने जे केले तेच लव्हाळ्यावर बसविलेला खंड्या करू शकतो. आणि तेही अधिक सहजपणे, कारण आज पक्ष्यांच्या नोंदी छायाचित्रांच्या आधारे स्वीकारल्या जातात. कोणता पक्षी, कोणत्या महिन्यात, कोणत्या प्रकारच्या रानात, हे शेकडो हौशी लोकांच्या चित्रांतून गोळा होते. इंदूरचा सिरपूर तलाव असो, बडोद्याजवळचे वढवाणा असो वा चोडणची खारफुटी असो, तेथील पाखरांविषयीच्या ज्ञानात अशा सामान्य माणसांच्या टिपणांचा वाटा मोठा असतो. नोंदीसाठी दिलेले छायाचित्र ही साक्ष आहे. आणि खोटी साक्ष देण्यास दहा आज्ञांनी जी मनाई केली आहे तीत कलाकारांसाठी काही सवलत ठेविलेली दिसत नाही.

कोणी म्हणेल, हा सारा दोष संगणकाचा. तसेही नाही. लंडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयाच्या प्रसिद्ध वार्षिक स्पर्धेत २००९ साली फाटकावरून झेप घेणाऱ्या लांडग्याच्या चित्रास सर्वोच्च पारितोषिक मिळाले. पुढच्या वर्षी परीक्षकांनी ते परत घेतले, कारण तो लांडगा रानातील नसून शिकविलेला असावा अशी त्यांची खात्री पटली. त्याच स्पर्धेत २०१७ साली गौरविलेले मुंगीखाऊ प्राण्याचे एक चित्र २०१८ मध्ये बाद ठरले. तो प्राणी पेंढा भरलेला असावा असा निष्कर्ष परीक्षकांनी काढला. या दोन्ही प्रकरणी प्रश्न मास्कचा नव्हता. लबाडी करण्यास संगणक लागत नाही; तो फक्त ती स्वस्त करतो.

उलटपक्षी, प्रामाणिक खटपट किती थोर असू शकते याचे उदाहरण रिचर्ड आणि चेरी कर्टन या इंग्रज बंधूंचे आहे. १८९५ साली त्यांनी पक्ष्यांच्या घरट्यांविषयी जे पुस्तक काढले ते सारे प्रत्यक्ष छायाचित्रांनी सजविलेले होते. माणूस पाहून पाखरे उडून जातात म्हणून या भावांनी पुढे बैलाच्या पोकळ कातड्यात बसून चित्रे घेतली. त्यांनी वेषान्तर केले ते स्वतःचे, पाखराचे नव्हे.

पसारा पुसण्याच्या मोहात आणखी एक धोका आहे. ज्यास आपण पसारा म्हणतो तो पुष्कळदा आपणच केलेला असतो. विजेच्या तारेवर वेडा राघू बसतो, कोतवाल बसतो. त्यांचे चित्र घेताना तार पुसून टाकावी असे प्रत्येकास वाटते. परंतु माळढोकाचा विचार करा. शरीराने जड, समोरचे कमी पाहणारा आणि एकाएकी वळू न शकणारा हा पक्षी राजस्थानात व कच्छमध्ये विजेच्या तारांवर आदळून मरतो. एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या प्रदेशातील तारा शक्य तेथे जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला आणि मार्च २०२४ मध्ये त्यात बदल करून तज्ज्ञांची समिती नेमली. ग्वाल्हेरच्या बाजूस करेरा येथे खास माळढोकासाठी १९८१ साली अभयारण्य झाले होते. गेले शतक संपण्यापूर्वीच तेथून तो पक्षी नाहीसा झाला. अशा पक्ष्याच्या चित्रातून कोणी आकाशातली तार पुसली तर चित्र सुंदर होईल; पण ज्याने तो मेला तेच त्यातून पुसले जाईल. मुळांत अडकलेली प्लास्टिकची पिशवी ही जशी चित्राची कुरूपता, तशीच ती मांडवीच्या पाण्याची फिर्याद आहे.

याचा अर्थ मास्कची विद्याच टाकून द्यावी असा नव्हे. दिवाणखान्यात लावावयाचे चित्र, शाळेतील तक्ता, शुभेच्छापत्र, मुलांस पक्ष्याचा आकार व रंग समजावून देणारे पुस्तक, यांत पार्श्वभूमी झाकणे हा गुन्हा नाही. तक्त्यावरील पाखरू मोकळ्या जागेवर असलेलेच बरे. मर्यादा थोड्याच आहेत आणि त्या समजण्यास कठीण नाहीत. मूळ चित्र, कॅमेऱ्यातून जसे आले तसे, सदैव जपून ठेवावे. नोंदीसाठी, अभ्यासासाठी आणि ज्या स्पर्धेचे नियम तसे सांगतात तेथे मूळच पाठवावे. बदललेले चित्र प्रसिद्ध करताना त्याखाली ‘पार्श्वभूमी बदलली आहे’ एवढे तीन शब्द छापावे. आणि पाखरास त्याचे घर सोडून दुसऱ्याच्या घरात बसवू नये. खारफुटीतल्यास माळावर नेऊ नये, माळावरच्यास पाण्याकाठी.

आपल्या गृहस्थाने काय केले? मित्राच्या प्रश्नास उत्तर देण्यापूर्वी त्याने मूळ चित्र पुन्हा उघडले. स्थळाची खूण पटावी म्हणून तो ते मोठे करून कोपऱ्याकोपऱ्यातून पाहू लागला. आणि जो भाग त्याने काळ्या रंगाखाली झाकला होता त्याच भागात, पिशवीच्या अलीकडे, चिखलातून वर आलेल्या मुळांच्या गर्दीत त्यास काहीतरी दिसले. चिखलाच्याच रंगाची एक निवटी तेथे बसलेली होती. खंड्याची झुकलेली मान, रोखलेला डोळा, किंचित सरसावलेली चोच, हे सारे त्या निवटीच्या रोखाने होते. सकाळी तो ज्यास ध्यानस्थ पाखरू समजला होता ते शिकारीच्या क्षणी थबकलेले पाखरू होते. लव्हाळ्यावर बसविलेला खंड्या मात्र धुक्यात, कशाकडेच नव्हे असा, उगीच खाली पाहत होता.

त्याने मित्रास चोडणचे नाव सांगितले, लव्हाळ्याची गोष्टही सांगितली, आणि मूळ चित्र त्याच्यापुढे ठेवले. पिशवी, कवडसे आणि डोक्यातून उगवलेली काटकी यांसह. मित्राने त्यात पाखराकडे कमी आणि निवटीकडे अधिक वेळ पाहिले.

पुढच्या रविवारी ओहोटीची वेळ पाहून गृहस्थ पुन्हा फेरीबोटीत चढला. या खेपेस त्याने नावाड्यास होडी दोन हात मागे घ्यावयास सांगितले आणि तो स्वतः होडीच्या काठाशी ओणवा झाला. भिंग पाण्याच्या पातळीवर आले, तसे फांद्यांचे जाळे वर सरकले आणि मागे उरले ते दूरवरचे उघडे पाणी. पार्श्वभूमी बदलण्याचा हा सर्वांत जुना मार्ग आहे. त्यास आज्ञावली लागत नाही, गुडघे लागतात. त्या दिवशी खंड्या आला की नाही हे तितके महत्त्वाचे नाही. तो आला असेल, तर आपले रान बरोबर घेऊनच आला असेल.